९८८ ला फोन केला की तो कुणाच्या टेबलावर वाजतो? (लोकेशनचा कायदा हवा की नको)

निशिगंध | ११ सप्टेंबर २०२५, रात्री ९.१२

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काल एका पत्राचा मसुदा आला. "आपापल्या काँग्रेसमनला पाठवा, दोन मिनिटांचं काम आहे." मागणी अशी की ९८८ वर फोन करणाऱ्याचं अचूक लोकेशन समुपदेशकाला आपोआप दिसलं पाहिजे, तसा कायदा करा. खाली धडाधड अंगठे आणि नमस्कार. मीही नाव टाकायला घेतलं आणि थांबले.

भारतातल्या वाचकांसाठी: ९८८ हा अमेरिकेतला मानसिक संकटात फोन करायचा तीन आकडी नंबर. १६ जुलै २०२२ ला सुरू झाला. त्याआधी हीच सेवा १-८००-२७३-८२५५ या लांबलचक नंबरावर होती, आणि ज्याला त्या क्षणी गरज आहे त्याला तो आठवणं कठीणच. देशभर दोनशेच्या वर स्थानिक केंद्रं आहेत. फोन जवळच्या केंद्रात लागावा अशी कल्पना.

आता थांबले का ते सांगते. फेब्रुवारी २०२३, रात्रीचे पावणेदोन. आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या मैत्रिणीचा फोन आला. घरचं बरंच काही बिनसलं होतं, तपशील तिचे आहेत, इथे लिहीत नाही. मी चपला घालून तशीच गेले. तिच्यासमोर बसले आणि लक्षात आलं की मला काय बोलायचं ते कळत नाहीये. शेवटी माझ्या फोनवरून ९८८ लावला.

माझा नंबर २१४ ने सुरू होतो, म्हणजे डॅलस. २००९ मध्ये नवऱ्याचं प्रोजेक्ट तिथे होतं. डॅलस कधीच सुटलं, आता आम्ही एडिसनला. पण फोन लागला थेट टेक्सासात! पलीकडची बाई फार चांगली होती. मैत्रीण तिच्याशी चाळीस मिनिटं बोलली, थोडी रडली, मग पाणी प्यायली. शेवटी मी विचारलं, उद्या सकाळी इथे जवळपास कुणी भेटेल का? तर त्यांच्याकडची सगळी यादी डॅलस-फोर्टवर्थची. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, न्यू जर्सीचं मला काही माहीत नाही हो.

म्हणजे लोकेशन कळायला हवं होतं. बरोबर? काल मैत्रिणीला तो मसुदा दाखवला. ती म्हणाली, "त्यांना माझा पत्ता दिसतोय हे माहीत असतं तर मी फोन हातातच घेतला नसता."

सांगा आता. सही करू का नको?

---

टवाळ_पोपट | रात्री ९.३१

पहिला! बाकी सोळा वर्षं डॅलसचा नंबर का सांभाळून ठेवलाय?

---

निशिगंध | रात्री ९.३४

@पोपट, बँक, मुलांची शाळा, ग्रीन कार्डाचे फॉर्म आणि मिरजेची आत्या. पहिली तिन्ही बदलता येतील. आत्याला तो नंबर पाठ आहे.

---

मोहरी | रात्री ९.४०

आमच्या एका घरात नवरा ४०८, मी ७३२ आणि लेक ५१२. तिघांपैकी आता फक्त मी त्या त्या गावात राहते. अमेरिकेतल्या मराठी माणसाचा एरिया कोड म्हणजे त्याचं पहिलं अपार्टमेंट, पहिली सेकंडहँड कोरोला आणि पहिला बर्फ (किंवा बर्फ नसणं).

---

तारमास्तर | रात्री १०.२२

वीस वर्षं टेलिकॉममध्ये घासली आहेत, म्हणून थोडं लांब लिहितो.

या धाग्यात दोन गोष्टींची सरमिसळ होणार हे दिसतंय, त्या आधीच वेगळ्या करू. एक, फोन कुठल्या केंद्रात वाजावा. दोन, फोन करणारा कुठल्या दारामागे बसलाय. इंग्रजीत पहिल्याला जिओराउटिंग म्हणतात, दुसऱ्याला जिओलोकेशन. नावं जुळ्या भावांसारखी आहेत, स्वभाव अगदी वेगळे.

निशिगंधताईंचा फोन टेक्सासात का गेला? तुम्ही ९८८ दाबता, कंपनी आतल्या आत त्याचा तोच जुना १-८०० नंबर करते. टोल-फ्री. टोल-फ्रीच्या रस्त्यावर तुम्ही कुठल्या टॉवरखाली उभे आहात ही माहिती पुढे सरकत नाही, पुढे जातो फक्त तुमचा दहा आकडी नंबर. मग पलीकडचं यंत्र त्या नंबराचे सुरुवातीचे आकडे बघतं आणि म्हणतं, "अरे, डॅलसकर दिसतायत." लँडलाइनच्या काळात हे चाललं असतं. आता ९८८ चे बहुतेक फोन मोबाइलवरून येतात.

२०२० मध्ये ज्या कायद्याने ९८८ हा नंबर दिला (१७ ऑक्टोबर २०२०, ट्रम्प यांची सही), त्यातच एफसीसीला (दूरसंचारावर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था) सांगितलं होतं की नेमका पत्ता पाठवता येईल का आणि खर्च किती, याचा अहवाल द्या. एप्रिल २०२१ मध्ये तो अहवाल आला. पुढे २०२३ मध्ये पाडिया आणि टिलिस, म्हणजे कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट आणि नॉर्थ कॅरोलिनाचे रिपब्लिकन, या दोन सिनेटरांनी मिळून फोन स्थानिक केंद्रात वळवण्याचं विधेयक आणलं. ते रखडलं, पण एफसीसीने तेच काम नियमाने करून टाकलं. १७ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे मूळ कायद्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. मोठ्या मोबाइल कंपन्यांना नियम लागू झाल्यावर ३० दिवस, लहानांना २४ महिने. यंदाच्या जुलैत मेसेजलाही तोच नियम केला.

आता महत्त्वाचं. या नियमात टॉवरच्या जागेवरून फोन वळवतात, पण तीही माहिती इतकी ढोबळ करून की नेमका टॉवर कुठला हेसुद्धा ९८८ ला कळू नये. काउंटी म्हणा फार तर. म्हणजे तुमची २०२३ ची ती रात्र आज असती तर २१४ असूनही फोन न्यू जर्सीत वाजला असता, आणि तुमच्या मैत्रिणीचं दार कुणालाच दिसलं नसतं.

मंडळाचा मसुदा मागतोय तो दुसरा भाऊ.

---

पाणंद | रात्री १०.३०

@तारमास्तर, दंडवत. हे कुठल्याही बातमीत इतकं सरळ वाचलं नव्हतं.

---

टवाळ_पोपट | रात्री १०.३३

जुळे भाऊ, एक सज्जन, एक घरात घुसणारा. तारमास्तर, तुम्ही सिनेमे लिहा.

---

सत्तरीचा_तरुण | १२ सप्टेंबर, सकाळी ७.०५ (पुणे)

मला एक कळत नाही. मनातलं बोलायला नंबर कशाला लागतो? आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. कुणाचा चेहरा पडलेला दिसला की समोरची काकू चहा घेऊन यायची. लोकेशन वगैरे काही नाही, सगळ्यांना सगळ्यांचं लोकेशन माहीत.

---

मोहरी | सकाळी ७.५०

काका, त्याच वाड्यात कुणी स्वतःचं काही करून घेतलं तर सात बिऱ्हाडं मिळून 'पाय घसरून पडली' म्हणायची. तेही सगळ्यांना माहीत असायचं.

---

सत्तरीचा_तरुण | सकाळी ८.१५

हं. ते खरं आहे.

---

हिमवादळ | सकाळी ९.४८

मी दहा वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच प्रतिसाद.

एमएस करत होतो. गाव, विद्यापीठ, साल सांगत नाही. थंडी, थिसिस, गाइडशी वाद, सगळं एकदम. एका हेल्पलाइनवर (९८८ नव्हे) बोललो. मी म्हणालो की जगण्यात राम वाटत नाही. त्या क्षणी मला फक्त हे वाक्य कुणालातरी मराठीतून भाषांतर करून सांगायचं होतं. वीस मिनिटांनी दारावर थाप. दोन पोलीस. सभ्य होते, पण पोलीस. "प्रोटोकॉल" म्हणून हातात बेड्या घालून रूममेट्ससमोरून नेलं. तीन दिवस ठेवून सोडलं. त्या अॅम्ब्युलन्सचं बिल हप्त्याने फेडलं. आईबाबांना सांगलीला आजतागायत माहीत नाही.

त्या रात्री मी खरंच काही करणार होतो का? नव्हतो. पण त्यानंतर चार वर्षं मी कुठल्याच डॉक्टरला, कुठल्याच फोनला खरं उत्तर दिलं नाही. "हाऊ आर यू फीलिंग?" "फाइन."

निशिगंध, तुमची मैत्रीण म्हणते ते मला अक्षरशः समजतं.

---

निशिगंध | सकाळी ९.५५

लिहिलंत, बरं केलंत. आता बरे आहात ना?

---

हिमवादळ | सकाळी १०.०२

आता हो. बायको आहे, मांजर आहे, थेरपिस्ट आहे. क्रम तोच नाही.

---

रेवा_तीर | सकाळी ११.२०

हिमवादळ यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू लिहिते. लिहू की नको असा तासभर विचार केला.

माझ्या चुलतभावाने फोन लावला होता. नंतर त्याच्या फोनमध्ये दिसलं. अकरा मिनिटांचा कॉल. मग कट. त्याने कट केला की रेंज गेली, कळायला मार्ग नाही. पलीकडच्या माणसाने परत फोन लावला होता, तेही मिस्ड कॉलमध्ये होतं. त्याच्याकडे नंबर होता, दार नव्हतं.

पत्ता असता तर वाचला असता असं मी म्हणत नाही. पण त्या पलीकडच्या माणसाचा मी फार विचार करते. फोन वाजतोय, कुणी उचलत नाही, आणि त्याच्या हातात काही नाही.

मी सही करेन.

---

व्यवस्थापक | सकाळी ११.३५

विषय नाजूक आहे. कुणीही कशा प्रकारे, कशाने असे तपशील लिहू नयेत. असे प्रतिसाद उडवले जातील. वाचताना कुणाला त्रास होत असेल तर: भारतात टेली-मानस १४४१६ (चोवीस तास, मराठीतूनही), अमेरिका आणि कॅनडात ९८८. धागा चालू द्या.

---

स्टेथो | दुपारी १२.१०

मनोविकारतज्ज्ञ आहे, कॅलिफोर्नियात.

रेवा, अशा वेळी आज काय होतं ते सांगतो. समुपदेशकाला जीव धोक्यात आहे असं वाटलं आणि पत्ता मिळाला नाही तर तो ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबराला, कळवतो. ९११ वाले मोबाइल कंपनीला गाठतात, आणि आणीबाणीत कंपनीला लोकेशन द्यायची कायद्याने मुभा आहे. म्हणजे दार आजही शोधता येतं, फक्त तीन टेबलं फिरून. त्या फिरण्यात जो वेळ जातो तो वाचवावा हा मसुदावाल्यांचा मुद्दा, आणि तो मुद्दा फालतू नाही.

पण हेही सांगतो. ९८८ च्याच आकडेवारीनुसार शंभरात दोनपेक्षा कमी फोनांत आपत्कालीन सेवा पाठवावी लागते, आणि त्यातल्या बऱ्याच वेळी फोन करणाऱ्याच्या संमतीने. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचं काम बोलण्यावर भागतं. दोघांसाठी यंत्रणा बांधताना अठ्ठ्याण्णवांनी फोन लावायचंच सोडलं तर?

मी स्वतः दोन्ही प्रकारचे पेशंट पाहिलेत. ठाम मत विचाराल तर माझ्याकडे नाही, आणि याबद्दल ज्यांच्याकडे फार ठाम मत असतं त्यांची मला थोडी भीती वाटते.

---

ऐकणारी | दुपारी १.३० (पुण्याहून, इथे रात्र झाली)

मी पुण्यात एका हेल्पलाइनवर सहा वर्षं स्वयंसेवक होते. पत्ता विचारायचा नाही, हा आमचा पहिला धडा. नावही नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ठीक.

नवीन होते तेव्हा मला हा नियम दुष्टपणाचा वाटायचा. मग लक्षात यायला लागलं की माणूस स्वतःच सांगतो. अर्धा तास पाऊस, ऑफिस, सासू, हप्ते असं सगळं बोलून झालं की मध्येच म्हणतो, "मी ना, इथे अमुक पुलाजवळ उभा आहे." ते वाक्य म्हणजे पत्ताही असतो आणि 'या' सुद्धा असतं. तुमच्या स्क्रीनवर आधीच ठिपका लुकलुकत असेल तर तुम्ही त्या वाक्याची वाट बघणार नाही. ठिपक्याकडे बघत बोलाल.

रेवाताई, आमच्याकडेही कट झालेले फोन असायचे. त्या रात्री घरी जाऊन झोप यायची नाही. तुमच्या भावाच्या पलीकडच्या माणसाचा विचार तुम्ही करता, याबद्दल त्याच्या वतीने मी आभार मानते.

---

कलम_कसाई | दुपारी २.१५

वकील आहे, त्यामुळे माझा प्रतिसाद नीरस असणार.

"अचूक लोकेशन द्या" एवढं म्हणणारा कायदा म्हणजे अर्धा कायदा. ते कुणाला दिसेल, किती वेळ साठवलं जाईल, पोलिसांना वॉरंटशिवाय मिळेल का, विमा कंपनीला, इमिग्रेशनला? हे लिहिलेलं नसेल तर गृहीत धरा की मिळेल. एप्रिल २०२४ मध्ये याच एफसीसीने देशातल्या सगळ्यात मोठ्या मोबाइल कंपन्यांना मिळून जवळपास २० कोटी डॉलर दंड ठोठावला, कशासाठी? ग्राहकांचं लोकेशन संमतीशिवाय मध्यस्थांना विकल्याबद्दल. कंपन्या त्यावर कोर्टात गेल्या ते वेगळं. आणि २०२२ मध्ये मेसेजवर चालणाऱ्या एका मोठ्या संकटसेवेने नावं काढून टाकलेला संवादांचा डेटा स्वतःच्याच व्यावसायिक कंपनीला दिल्याचं बाहेर आलं. बोभाटा झाल्यावर थांबवलं.

निशिगंध यांच्या मैत्रिणीची स्थिती व्हिसावर असेल तर तिची भीती वेडेपणाची नाही, एवढंच म्हणतो.

---

तारमास्तर | दुपारी २.४०

कलम यांच्याशी सहमत. आणि एक भर. "९११ ला दिसतं मग ९८८ ला का नको" असं मसुद्यात लिहिलंय का? बहुतेक लिहिलं असेल. ९११ ला लोकेशन पोचवायला दोन दशकांहून जास्त गेली. आधी टॉवर, मग अक्षांश-रेखांश, मग इमारतीत कितव्या मजल्यावर यासाठी उभ्या दिशेत तीन मीटरची अचूकता (तीही ८० टक्के फोनांना मिळाली तरी नियम पाळला असं धरतात). त्यामागे पैसा, विशेष जाळं आणि गाडी पाठवणारी हजारो केंद्रं आहेत. ९११ वर फोन करणाऱ्याला गाडी हवीच असते. ९८८ वर फोन करणाऱ्याला बहुतेकदा माणूस हवा असतो.

---

टवाळ_पोपट | दुपारी २.५५

गंभीर चर्चेत एक तांत्रिक शंका. आमच्या सासऱ्यांनी न्यू जर्सीचा व्होनेजचा डबा चिंचवडला नेऊन लावलाय, "लोकल कॉल पडतो" म्हणून. त्यांनी तिथून ९८८ फिरवला तर काय होईल?

---

तारमास्तर | दुपारी ३.०५

हसू नका, प्रश्न अस्सल आहे. २०२४ चा नियम मोबाइलपुरता आहे. इंटरनेटवरच्या अशा डब्याचा फोन आजही नंबराच्या आकड्यांवरूनच वळेल, म्हणजे सासरेबुवा चिंचवडला आणि फोन न्यू जर्सीत. मसुद्यात भर घालायचीच तर ही घाला. ऑफिसांतल्या मोठ्या फोनयंत्रणांचंही तेच.

---

टवाळ_पोपट | दुपारी ३.०८

सासऱ्यांना सांगतो, तुमच्यामुळे अमेरिकन काँग्रेस हलणार आहे. आठवडाभर पेढे वाटतील.

---

मोहरी | दुपारी ३.२०

अवांतर: २०२१ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लोकल फोनलाही दहा आकडे दाबावे लागतात, ते या ९८८ मुळेच ना? आमच्या शेजारच्या आजींनी फोन कंपनीच्या नावाने खूप बोटं मोडली होती.

---

तारमास्तर | दुपारी ३.२६

हो. ८२ एरिया कोडांत सात आकडी नंबर ९८८ ने सुरू होऊ शकत होते. सात आकडी चालू ठेवले असते तर यंत्राला कळलं नसतं की माणूस मदत मागतोय की शेजाऱ्याला जेवायला बोलावतोय.

---

नांदेडी | १३ सप्टेंबर, सकाळी ८.२०

आपल्याकडचं बोलूया का थोडं? टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या देखरेखीखाली. मी मागच्या वर्षी वापरलंय. भाषा विचारतात, मराठी निवडली, पलीकडून मराठीत ताई बोलल्या. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. नांदेडची मराठी बोललो तरी त्यांना कळली! म्हणजे आपल्याकडे पहिला प्रश्न "कुठे आहेस" नसून "कुठल्या भाषेत बोलशील" हा आहे. आता बेळगावच्या माणसाने मराठी दाबलं तर पुढची मदत त्याला कुठल्या राज्यातली सांगायची, हा सीमाप्रश्न हेल्पलाइनवरही आहेच.

लोकेशन मात्र आपल्याकडे दिलं तर दारात येणार कोण? ११२ चं महापे किंवा नागपूरचं केंद्र, म्हणजे शेवटी पोलिसांचीच गाडी.

---

सत्तरीचा_तरुण | सकाळी ९.००

पण आपल्याकडे तर आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हाच ना? ३०९ कलम.

---

कलम_कसाई | सकाळी ९.४५

नाही काका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं, खटला चालवायचा नाही, उलट सरकारने तिची काळजी घ्यायची. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तीत जुनं ३०९ नाही. एक वेगळं कलम आहे, सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल. पण पोलीस ठाण्यातल्या लोकांच्या डोक्यातून ३०९ जायला वेळ लागेल, आणि फोन करणाऱ्याच्या डोक्यातून त्याहून जास्त.

---

पाणंद | सकाळी १०.१०

पोलीस आले की वाईटच असं नका धरू हां. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकच्या आयर्लंडमधल्या माणसांनी मुंबईच्या सायबर पोलिसांना कळवलं, मुंबईने धुळ्याला, आणि धुळ्याचे पोलीस त्या मुलाच्या घरी वेळेत पोचले. आमचं गाव तिथून जवळ. महिनाभर पारावर तोच विषय होता. आयर्लंडहून धुळ्याला काही मिनिटांत निरोप, आणि आमच्या गावातून तालुक्याला एसटी दोन तासांनी.

---

हिमवादळ | सकाळी १०.४०

@पाणंद, तो मुलगा वाचला याचा आनंदच आहे. माझा राग पोलिसांवर नाही, फक्त पोलीस येण्यावर आहे. न्यू जर्सीतच, पॅटर्सनला, मार्च २०२३ मध्ये मानसिक संकटात सापडलेल्या एका तरुणाने स्वतः ९११ ला फोन केला, बाथरूममध्ये कोंडून घेतलं आणि चार-पाच तासांनी पोलिसांच्या गोळीने गेला. दुसऱ्यांची भांडणं सोडवायचं काम करणारा मुलगा होता. त्याचे सहकारी बाहेर उभे होते, त्यांना आत जाऊ दिलं नाही. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये राज्याने कायदा केला की काही काउंट्यांत समाजातल्या प्रशिक्षित माणसांची पथकं उभी करायची.

पॅटर्सन निशिगंध यांच्या घरापासून पाऊण तासावर असेल.

---

निशिगंध | सकाळी १०.५२

पस्तीस मैल. तिथे आमचा भाजीवाला आहे.

---

टोरांटोकर | सकाळी ११.३०

आमच्याकडे टोरांटोत २०२२ पासून पोलिसांविना येणारं पथक आहे, २११ ला फोन केला की येतं. आता शहरभर आहे. शेजारच्या मुलासाठी आलं होतं. दोन माणसं, साधे कपडे, बाहेर पायरीवर बसली. एकाने त्याला विचारलं, भूक लागलीये का? पत्ता आम्हीच दिला होता, आनंदाने दिला, कारण कोण येणार ते माहीत होतं.

---

स्टेथो | दुपारी १२.०५

टोरांटोकरांचं शेवटचं वाक्य मसुद्यात टाका.

फक्त एक कडू गोष्ट. अशा पथकांचं मूळ उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतात ते ओरेगनमधल्या युजीनचं काहूट्स. १९८९ पासूनचं. यंदा एप्रिलमध्ये त्या शहरात बंद पडलं. पैसा. २०२० च्या कायद्याने राज्यांना फोनबिलावर ९८८ साठी शुल्क लावायची मुभा दिलीय, जसं ९११ साठी असतं. सगळ्या राज्यांनी ते लावलेलं नाही. त्यासाठी व्हॉट्सॅपवर मसुदा फिरताना मला अजून दिसलेला नाही.

---

मोहरी | दुपारी १२.२०

बिल वाढवा असं सांगणाऱ्या मसुद्याला अंगठे येत नाहीत, डॉक्टर.

---

रेवा_तीर | दुपारी १.४०

सगळं वाचलं, दोनदा. माझी सही अजूनही हो आहे. पण कलम यांनी विचारलेले प्रश्न त्यात आधी लिहिलेले असतील तर. आणि 'प्रत्येक फोनला आपोआप' हे मला नकोय हेही कळलं. जीव धोक्यात आहे असं वाटल्यावर ती तीन टेबलं एक व्हावीत, एवढंच हवंय.

---

हिमवादळ | दुपारी १.५८

एवढंच असेल तर मीही कदाचित करेन. कदाचित.

---

निशिगंध | १४ सप्टेंबर, रात्री १०.०५

मूळ प्रश्नाकडे येते. अंगठा काढून घेतला आणि आज दुपारी मैत्रीण आणि मी तिच्या स्वयंपाकघरात बसून पत्र नव्याने लिहिलं. ती पोहे करत होती, मी टाइप करत होते.

"अचूक लोकेशन आपोआप" काढलं. त्याजागी: एक, फोन जवळच्या केंद्रात वळवायचा नियम फक्त एफसीसीच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात घाला, आणि त्यात इंटरनेट फोन व ऑफिसचे फोनही घ्या (पोपट, सासऱ्यांना सांगा). दोन, नेमका पत्ता फक्त जीव धोक्यात असताना, कुणी मागितला, का मागितला याची नोंद ठेवून, आणि काम झालं की पुसून. इमिग्रेशनला, विमा कंपनीला कधीच नाही. तीन, दारावर आधी कोण जाईल ते लिहा आणि त्याचा पैसा द्या. टोरांटोकरांचं वाक्य घातलं, नाव न घालता.

मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पहिल्याला सत्तावीस अंगठे होते, याला आतापर्यंत चार आलेत. एकाने विचारलं, "फार लांब झालंय, छोटी आवृत्ती आहे का?"

तिसरा मुद्दा मैत्रिणीचा आहे. पहिल्या खर्ड्यात मी "प्रशिक्षित व्यक्ती" लिहिलं होतं. ती म्हणाली, "त्या रात्री तू चपला उलट्या घालून आली होतीस. तसं कुणीतरी, असं लिही." तसं इंग्रजीत लिहिता येईना, म्हणून "प्रशिक्षित व्यक्ती"च ठेवलं.

---

ऐकणारी | १५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

मसुदा इथेही चिकटवा. मी अमेरिकेत नाही, पण माझी बहीण आहे. तिचा नंबर अजून ह्यूस्टनचा आणि ती सिएटलला.

---

टवाळ_पोपट | सकाळी ७.४५

सासऱ्यांना सांगितलं. म्हणाले, "काँग्रेस म्हणजे आपली की त्यांची?"